एका चादरीचं अंतर

“माझ्या आजीला निळा रंग दिसत नाही,” असं माझी नात म्हणाली, तेव्हा मी तिच्यापासून एका चादरीच्या अंतरावर उभी होते. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने फुगत होत्या, पुन्हा बसत होत्या, आणि मी एक चादर वाळली का ते हाताच्या मागच्या बाजूने बघत होते. तळहाताने बघू नये. तळहात कामाने निबर झालेला असतो, त्याला सगळंच वाळलेलं वाटतं. तिला मी दिसत नव्हते. मलाही ती दिसत नव्हती, नुसती पावलं दिसत होती चादरीच्या काठाखाली, इकडून तिकडे फेऱ्या घालणारी. ती फोनमध्ये बोलत होती. फोनवर कुणाशी नाही, नुसती फोनमध्ये, आवाज साठवून ठेवायला. आणि आमच्या दोघींच्या मध्ये जी चादर होती ती मला राखाडी दिसत होती. मी मनात म्हणत होते, ही राखाडी कुणी मागितली, आपण तर असं काम घेतलेलं नाही. तेवढ्यात ते वाक्य चादरीतून गाळून आल्यासारखं माझ्याकडे आलं, आणि हात चादरीवर होता तिथेच राहिला.

नातीला आम्ही बटण म्हणतो. रांगत होती तेव्हा कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण गिळलं तिने, आणि ते बाहेर येईपर्यंत आमचा सगळा कपडे रंगवायचा कारखाना हातावर हात ठेवून बसला होता. अजूनही पोटातलं बाहेर काढायला तिला तितकाच वेळ लागतो. तिला धंदा शिकायच्या मोठ्या शाळेत जायचंय, लांब, विमानाने जावं लागतं तिथे. धंदा शिकायला शाळा असते हे मला म्हातारपणी कळलं. आम्हाला वाटायचं, भूक पुरते. त्या शाळेत नुसते मार्क चालत नाहीत, निबंध मागतात. तुम्ही कोण, कुठे हरलात, चार माणसांना बरोबर कसं घेतलंत. मी चौथीत शाळा सोडली, तोवर आमचा निबंध गायीवर असायचा. गायीला कुणी विचारलं नव्हतं, बाई गं, तू कुठे हरलीस. मागच्या खेपेला बटणाला तिथून नकार आला. निबंध सपक होता म्हणे. म्हणून या खेपेला एक निबंधवाला ठेवलाय. तो पडद्यावर दिसतो, खांद्यापर्यंतच. त्याला पाय आहेत की नाहीत कुणी पाहिलेलं नाही. त्याने तिला सांगितलं होतं, लिहायला बसलात की माणूस नीटनेटकं खोटं लिहितो. आधी घरच्या भाषेत बोला, फेऱ्या मारत, कुणाला सांगितल्यासारखं. मग लिहा. हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं आणि म्हटलं होतं, चला, पैसे घेऊन का होईना, एक तरी शहाणं बोलला.

“आणि हे तिला माहीत नाही,” बटण चादरीपलीकडे म्हणत होती. “आमच्या कारखान्यातून कुठलाही कपडा तिने पास केल्याशिवाय बाहेर जात नाही. ती कपडा खिडकीत धरते, बघते, आणि कोपऱ्याला गाठ मारते. गाठ म्हणजे पास. मग दवाखान्याच्या पडद्यांचं काम परत आलं. पडदे फिकट आकाशी हवे होते, गेले गडद निळे, कारण आजीला निळा पुरेसा दिसेपर्यंत ती अजून निळा टाका, अजून टाका म्हणत राहिली. हे तिला कुणी सांगितलं नाही. मग मी एक पद्धत बसवली. आजीने गाठ मारली की कपडा मागच्या हौदावर जातो, रंगारीकाका गाठ सोडतात, रंग दुरुस्त करतात, आणि मी पुन्हा आजीसारखीच गाठ मारते. कारखान्यातल्या प्रत्येकाला मी यात सामील केलं, आवाज न चढवता. आजीचा मान राहिला आणि गिऱ्हाईकही राहिलं. यातून मी शिकले की हातात अधिकार नसतानासुद्धा नेतृत्व...” इथे ती थांबली. पावलंही थांबली. मग ती स्वतःशीच म्हणाली, “शी,” आणि जिन्याकडे गेली.

राग मला चांगला ओळखीचा आहे, तो कानशिलातून येतो. हे पायांतून आलं. पाण्यात उभं असताना खालची वाळू सरकते तसं. मी चादरीचा काठ धरून उभी राहिले आणि वर बघितलं. आभाळ उकळून गार झालेल्या पाण्यासारखं होतं. ते बरेच दिवस तसंच होतं. मला वाटायचं, धुरामुळे असेल, शहरात गाड्या वाढल्यात. पुढे पुढे वाटायला लागलं, आभाळही म्हातारं होत असेल, त्याला का सूट. कुणाला सांगितलं नाही. आभाळाबद्दल काय सांगायचं आणि कुणाला. पण कारखान्यात मी कुणाला सोडलं नव्हतं. रंगाची पूड विकणाऱ्याला म्हटलं होतं, तुझी निळी पूड म्हणजे चुलीतली राख आहे, बापाचं नाव लावतोस ना दुकानाला, मग लाज बाळग. तो बिचारा खाली मान घालून उभा होता. रंगाऱ्याने त्याच्याकडे बघितलं होतं, आणि त्याने रंगाऱ्याकडे. मला ते बघणं आता आठवलं. म्हणजे तेव्हाही दिसलंच होतं, कुठेतरी साठून राहिलं होतं, गाळासारखं. पाणी बदललं, विजेची नळी बदलून घेतली, खिडकीची काच धुऊन घेतली. घरातल्या सगळ्या वस्तू धुतल्या मी, एक डोळे सोडून.

माझी सासू मला पसंत करायला आली तेव्हा तिने ना चाल बघितली ना केस. तिने पिशवीतून एक निळी चिंधी काढून दाखवली, परत पिशवीत टाकली, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसली. जाताना म्हणाली, आता तुमच्या घरातलं त्या रंगाचं काही आणून दाखव. आईने माझ्याकडे बघितलं, वाटलं असेल की गेलं हे स्थळ. मी आत गेले आणि पाटीच्या फुटक्या चौकटीला बांधलेली दोरी सोडून आणली. सासूने चिंधी दोरीशेजारी धरली आणि काहीही न बोलता लाडू... नाही, लाडू नव्हता, काही नव्हतं घरात. पाण्याचा पेला रिकामा करून खाली ठेवला. तेवढ्यावर मी त्या घरात आले. पुढे बाजारातल्या एखाद्या दुकानाच्या काचेआड रंग बघायचा आणि तो डोक्यात घेऊन कारखान्यापर्यंत चालत यायचं, हे माझं काम झालं. भरलेली घागर आणतात तसा मी रंग आणायची, न हिंदकळता. वाटेत कुणाशी बोलायची नाही, लाल फाटकावरून नजर वळवायची, भाजीवाल्यांकडे बघायची नाही. हौदाशी आले की रंगारी पूड टाकत जायचा आणि मी म्हणायची, अजून, अजून, आता थांब. नवरा म्हणायचा, हिच्या डोक्यात खिडकी आहे. नवरा गेला, सासू गेली, घागर राहिली. आणि आता कळत होतं की घागरीला कधीपासून चीर होती, मी वाटभर सांडत आले, आणि माझी माणसं मागून हळूच फरशी पुसत आली.

तरी त्या संध्याकाळी मी कुणाला काही बोलले नाही. मला स्वतःचंच नवल वाटलं. एरवी वरणात मीठ कमी असलं तर मी ते शेजारच्या बिऱ्हाडालाही कळेल असं सांगते. जेवताना लेक, बटणाचा बाप, माझ्यासमोर बसला होता. सरळ माणूस आहे, हिशेबाच्या खोलीत बसतो आणि तिथेच म्हातारा होतोय. मी त्याला विचारलं, “त्या दवाखान्याच्या पडद्यांचं काय झालं रे?” तो घास चावत राहिला, मग म्हणाला, “तो दवाखाना बंद झाला, आई.” मी म्हटलं, “चांगलं झालं. लोक बरे झाले असतील सगळे.” सुनेने पटकन त्याच्या पानात भात वाढला. बटण माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या सदऱ्याकडे. तो कुठल्या रंगाचा आहे हे मला सांगता येत नव्हतं. घरात माझ्याभोवती सगळे किती सावकाश चालतात, हे त्या जेवणात मला पहिल्यांदा दिसलं. जणू मी झोपलेय आणि जाग येऊ नये.

सकाळी कारखान्यात मी नेहमीसारखी खिडकीशी उभी राहिले. रंगाऱ्याने कपडा आणून दिला. तो माझ्याहून थोडा लहान, आमच्याकडेच म्हातारा झालेला, कोपरापर्यंत रंगलेले हात, बोलायला महाग. मी कपडा उजेडात धरला. आजवर या घटकेला मला वाटायचं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, धाकात आहेत. आज मी कपड्याकडे बघायच्या ऐवजी त्यांच्याकडे बघितलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे फरशीकडे बघत होते, एखाद्याच्या घरात रडारड चालू असली की पाहुणे बघतात तसे. मी म्हटलं, “पास,” आणि गाठ मारली. डाव्या हाताने दोन फेरे, शेपूट आत. आमच्या धंद्यात माझी गाठ ओळखतात. गाठ न सोडता कपडा पुन्हा रंगात बुडवला तर गाठीच्या आतला रंग जुनाच राहतो, उघडली की डाग दिसतो. म्हणून गाठीनंतर कपड्याला कुणी हात लावत नाही, असा आमचा नियम. नियम मीच केलेला. कपडा मागे गेला. मी पाणी प्यायच्या निमित्ताने तयार मालाच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि थप्पीतल्या कपड्यांचे कोपरे एकेक करून चाचपले. बोटांना माहीत होतं. बोटांना केव्हाचं माहीत होतं. गाठी माझ्याच होत्या, दोन फेरे, शेपूट आत, पण घट्ट, जीव खाऊन ओढलेल्या. पूर्वीही कधी हात लागला की वाटायचं, आपली बोटं ताठरली, हल्ली घट्ट बसतेय गाठ. बोटं खरं सांगत होती आणि मी त्यांच्यावरच म्हातारपणाचा आळ घेतला.

त्या अंधाऱ्या खोलीत, कपड्यांच्या कोऱ्या वासात, मला एक जुनी दुपार आठवली. जुनी म्हणजे फार नाही. कपाटाच्या आरशासमोर बटण उभी होती, हातात रुमाल, रुमालाच्या कोपऱ्याशी काहीतरी चाललेलं. मी दारातून म्हटलं होतं, “आरशात बघून काय रुमाल घेतेस, नवरदेव येतोय का?” ती दचकली होती, मग हसली होती. मी डावखुरी, ती उजव्या हाताची. माझी गाठ उजव्या हाताने मारायची तर ती आरशातच बघून शिकावी लागते. किती दिवस ती तिथे उभी राहिली असेल, माझे हात आरशातून उलटे काढत. मला एकाएकी तिचा राग आला, आणि रागाच्या खाली काहीतरी ऊबदार होतं, त्याचा त्याहून जास्त राग आला. लुच्ची. माझ्याच घरात माझी सही करते. आणि मग मला वाटलं, ही गेली तर ही गाठ कोण मारील. रंगाऱ्याला जमणार नाही, त्याची बोटं लाकडाची. ती गेली की माझे निळे तसेच बाहेर पडतील, परत येतील, आणि शेवटी कुणीतरी मला सांगेल; तेही माझ्या माणसांपैकी नाही, एखादं गिऱ्हाईक. ती जाऊ नये असं वाटलं की काय मला, त्या क्षणी? वाटलं. खोटं कशाला बोलू. माणसाला वाटतं बरंच काही, वाटण्याला भाडं पडत नाही.

दुपारी ती माझ्या खोलीत आली, हातात कागद. म्हणाली, “आजी, निबंध झाला. उद्या धाडायचाय. तुला आपल्या भाषेत सांगते, कसा वाटतो बघ.” मी पलंगावर टेकून डोळे मिटले. ती सांगत गेली. शाळेत धावण्याच्या शर्यतीत ती पडली, गुडघा फुटला, तरी उठून शेवटपर्यंत धावली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिला कळलं की पडणं म्हणजे हरणं नव्हे.

“कसा आहे?” तिने विचारलं.

“ओला आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“ओल्या कपड्याचा रंग नेहमी गडद वाटतो. वाळला की फिका पडणार. त्या शाळेतले लोक वाळल्यावर वाचतील ना? आणि शर्यतीत तू पडलीस कुठे, तुझी चप्पल तुटली होती आणि तू रडत घरी आली होतीस.”

“निबंधवाला म्हणाला, चालेल.”

“त्याला पाय नाहीत, त्याला काय चालेल आणि काय पळेल. तो दुसरा सांग.”

“कुठला दुसरा?”

“गच्चीवरचा.”

मी डोळे मिटलेलेच ठेवले होते, म्हणून मला नुसता कागदाचा आवाज आला, तिच्या बोटांत कागद वळत होता. खालून हौदावरच्या पाण्याचा आवाज येत होता. मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं, म्हणजे शरीर हलकं, आणि ऐकू येणारी प्रत्येक गोष्ट खूप लांबून येणारी पण स्वच्छ. शेवटी ती म्हणाली, “तो मी धाडणार नव्हते, आजी. शप्पथ.”

“का? चांगला होता. पहिल्या वाक्यालाच माझे पाय गेले. निबंध असा असावा, माणसाला कशाला तरी धरून उभं राहावं लागेल असा.”

“तुझी चेष्टा नव्हती त्यात.”

“नव्हती. त्यात तुझी शेखी होती. मी यंव केलं, सगळ्यांना सामील केलं, आजीचा मान राखला. तिथेच तूही शी म्हणालीस, ऐकलं मी. त्या शाळेने काय विचारलंय? कुठे हरलात?”

“हो.”

“मग तू जिंकल्याचं कशाला सांगत बसलीस?”

ती माझ्या पायाशी पलंगावर बसली. तिचा आवाज लहान झाला होता. “तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

“हाकलून दिलं असतं तुला. घरातून नाही, कारखान्यातून. रंगाऱ्यालाही दोन दिल्या असत्या.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

“मग ते लिही. एवढा कारखाना मुठीत घेतलास, कुणाला कळू न देता, आणि एका म्हातारीला एक वाक्य सांगायची छाती झाली नाही तुझी. चादरीला सांगितलंस. लिही, की मी भ्याले. आणि माझ्याबद्दलही लिही, की तिला खरं सांगायची सोय तिने ठेवली नव्हती. हे माझ्या तोंडून पुन्हा निघायचं नाही, आत्ताच लिहून घे.”

तिने लिहून घेतलं नाही. ती माझ्या पायावर डोकं ठेवून रडली, थोडंसंच. आमच्या घरात जास्त रडायची पद्धत नाही. मग नाक पुसत म्हणाली, “डॉक्टरकडे जाऊया ना. मोतीबिंदू असेल. छोटं ऑपरेशन असतं, सगळे करतात.”

“जाईन. पण तुझा तिथला निकाल लागल्यावर.”

“का?”

“आधीच दिसायला लागलं तर तुझा निबंध खोटा पडेल.”

ती रडता रडता हसली. मला ते दिसलं नाही, पण पायाला कळलं. मी तिच्या केसांवर हात ठेवला. “आणि तुझी गाठ घट्ट असते,” मी म्हटलं. “माझी गाठ मारायची तर माझ्यासारखी मार. सोडवणाऱ्याचाही विचार करावा माणसाने.”

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने कपडा आणला तेव्हा मी तो खिडकीत धरला. उजेड दुधासारखा कपड्यावर पडला होता आणि सगळे पुन्हा फरशी बघत होते. मी हौदाचं पाणी ऐकत उभी राहिले. सासूची चिंधी आठवली, पिशवीत जाताना दिसलेलं तिचं टोक. तो निळा मात्र मला लख्ख दिसत होता, आत, कुणी न सांडलेला. मग मी कपडा रंगाऱ्यासमोर धरला आणि म्हटलं, “तू सांग.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बटणाकडे. बटण कागद धाडून आली होती आणि दाराशी उभी होती.

“बाई,” तो म्हणाला, “निळा जरा चढलाय.”

“किती?”

त्याने दोन रंगलेली बोटं चिमटीत धरली.

“मग उतरव,” मी म्हटलं. “आणि पुन्हा आण. गाठ मी मारीन. आणि एवढे दिवस गप्प बसलास त्याचे तुला वेगळे ऐकवीन, ते आज नाही, मला नीट दिसायला लागल्यावर. तोंड बघून शिव्या द्याव्यात.” मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या कारखान्यात पास व्हायच्या वेळेला कुणी हसल्याचं मला आठवत नाही. कपडा गेला आणि माझे हात थोडा वेळ हवेतच राहिले, कोपरा शोधत.

संध्याकाळी आम्ही दोघी चादरी काढायला गच्चीवर गेलो. वारा पडला होता. चादरी सरळ लोंबत होत्या आणि त्यांच्यामधून जाताना घरातल्या खोल्यांमधून गेल्यासारखं वाटत होतं, एक खोली, मग आणखी एक, भिंती हाताने सरकवत. बटण पुढे चालत होती आणि न विचारता सांगत होती. ही मोरपंखी, आजी. ही गुलाबी, पण मळकट, ही परत घ्यावी लागेल. ही आकाशी, तू सांगितली होतीस तशीच, रंगारीकाकांनी उतरवली. मी प्रत्येकीला हाताच्या मागच्या बाजूने लावून बघत होते आणि तिच्या शब्दांनी त्या एकेक करून भरत होत्या, सावकाश, हौदात पूड विरघळते तशा. ती गेल्यावर या गच्चीत कोण बोलेल ते मला माहीत नव्हतं. आभाळ होतं तसंच होतं. शेवटच्या दोरीशी मी थांबले. ती परवाची चादर होती, आमच्या दोघींच्या मधली. काठावरून ओळखली मी.

“ही निळी,” मीच म्हटलं. आता मला नियम कळला होता. मला राखाडी दिसेल ती निळी.

बटण चादरीजवळ आली, तिने ती चिमटीत धरून उजेडाकडे केली. तिला हसू आवरत नव्हतं.

“नाही गं आजी,” ती म्हणाली, “ही खरंच राखाडी आहे. बाबांनी काम घेतलंय, तुला सांगायचं राहिलं.”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग चादरीचा कोपरा घेतला आणि तिच्या शब्दावर गाठ मारली, डाव्या हाताने, दोन फेरे, शेपूट आत, सैल.